ज्याच्यावरून काढलं त्याचं नाव, आणि त्यात तुझं काय

ऐरोलीहून एका एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारलं आहे:

"ताई, मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून आवडत्या कार्टूनमधल्या पात्रांची चित्रं काढते. अधूनमधून विनोदी चित्रं काढते, आणि कुठे काही गमतीदार माहिती वाचली की तिचंही चित्र करते. आजवर सगळं वहीत होतं, आता लोकांना दाखवावंसं वाटतंय. मैत्रीण म्हणते दुसऱ्याचं पात्र काढणं म्हणजे चोरी. आई म्हणते स्वतःचं काहीतरी काढ. ओळखीचे एक काका म्हणतात प्रिंट काढ, मी विकून देतो. मी काय करू?"

सोबत तीन चित्रं पाठवली आहेत. त्या तिन्हींना धरूनच उत्तर देते, कारण हवेत बोलून चित्रकलेतलं काही सांगता येत नाही.

आधी थोडक्यात. दाखव. नक्की दाखव. फक्त दोन गोष्टी चित्रासोबतच गेल्या पाहिजेत: ज्याच्यावरून काढलंस त्याचं नाव, आणि त्या चित्रात तू स्वतः पाहिलेलं काहीतरी. पहिली नसेल तर मैत्रीण बरोबर ठरते. दुसरी नसेल तर आई बरोबर ठरते. काकांचं नंतर बघू.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. सत्तावीस वर्षं झाली, चित्रांवरच माझं घर चालतं. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, मासिकांची मुखपृष्ठं. रविवारी सकाळी सात-आठ जणांना घेऊन तलावपाळीवर स्केचिंगला बसते. त्यातले निम्मे तुझ्याच वयाचे असतात आणि जवळपास सगळेच आवडत्या पात्रांची चित्रं काढत काढतच इथवर आलेले असतात. मीही तशीच आले. शिकण्याची ही फार जुनी वाट आहे. राजा रविवर्म्यांचे छापखान्यातले देव घरोघरी लागले, आणि त्यांच्यावरून काढून काढून आपल्याकडच्या किती साइनबोर्ड पेंटरांचा आणि कॅलेंडर चित्रकारांचा हात तयार झाला. त्याला तेव्हा फॅन आर्ट असं नाव नव्हतं एवढंच.

आता तुझं पहिलं चित्र. ठाणे-वाशी लोकलचा लेडीज डबा, आणि चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला, डोरेमॉन.

हे चित्र मी बराच वेळ बघत होते. त्यात मला सगळ्यांत आवडलं ते हे, की शेजारची बाई मटार सोलतेय आणि सालं त्याच्या पोटावरच्या खिशात टाकतेय. त्या खिशातून जगातली कुठलीही वस्तू निघते हे प्रत्येक पोराला माहीत आहे. तू तो खिसा उलटा वापरलास. त्यातून काही काढलं नाहीस, त्यात कचरा भरलास. आणि लोकलमध्ये भाजी निवडणारी बाई त्या जपानी लेखकाने पाहिलेली नाही, तू पाहिली आहेस. आई म्हणते ते "स्वतःचं काहीतरी" नेमकं इथे आहे. तिला हा मटार दाखव.

पण बसण्यात चूक आहे. तू त्याला ऐसपैस बसवलंयस, जणू खिडकीच मिळाली. चौथ्या सीटवर कोणी तसं बसत नाही. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर. शरीर पॅसेजकडे वळलेलं. बाहेरचा पाय जमिनीवर घट्ट रोवलेला, कारण सगळा भार त्याच्यावर. गाडी कोपरखैरण्याला थांबताना ब्रेक लागला की तो पाय आणखी दाबला जातो. आता या पात्राचा बांधा बघ. उंची १२९.३ सेंटीमीटर अशी ठरवून दिलेली आहे, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाएवढी. त्यातली निम्मी उंची एकट्या डोक्याची. पाय म्हणजे दोन बुटके गोळे. हा प्राणी चौथ्या सीटवर बसला तर त्याचा पाय जमिनीला लागेल का? नाही लागणार. मग तो घसरणार, आणि घसरू नये म्हणून काहीतरी धरणार. पण हाताला बोटं नाहीत, हात म्हणजे नुसता चेंडू. सीटच्या पाठीला असलेली लोखंडी कडी तो धरणार कशी?

बघ, इथे विनोद आपोआप तयार होतो. पात्राचा बांधा आणि आपल्या लोकलचा बाक यांची गाठ पडली की बाहेरून काही आणावं लागत नाही. पुन्हा काढ. बाहेरचा पाय अधांतरी ठेव, चेंडूसारखा हात कडीला टेकलेला दाखव, आणि डोक्याचं वर्तुळ किंचित पॅसेजकडे कललेलं. मटार सोलणारी बाई आहे तशीच राहू दे. तिला या सगळ्याचं काही वाटत नाही, हे फार छान आलंय.

याला मी पाहणं म्हणते. आवडत्या पात्राचं स्क्रीनवरचं चित्र लाइट बॉक्सवर ठेवून गिरवलं तर रेघ हुबेहूब येते, पण पात्र कळत नाही. गिरवायला माझी हरकत नाही. पहिल्या दहा-वीस वेळा गिरवावंच, हाताला वळण लागतं. मात्र गिरवलेलं वहीत ठेवायचं. दाखवायचं ते न बघता काढता येईल तेव्हाचं. एक सोपी परीक्षा सांगते. तेच पात्र पाठमोरं काढ, जिन्यावरून उतरताना काढ, पावसात छत्री उलटी झालेली काढ. मूळ मालिकेत ही पोझ तू कधी पाहिलेली नसावीस. काढता आली तर ते पात्र तुला कळलं. अडलीस तर कुठे अडलीस ते नीट बघ. बहुतेकांचं मान आणि खांदा यांच्या जोडावर अडतं.

२०२५ च्या मार्चमध्ये आपले फोटो एआयला देऊन एका जपानी स्टुडिओच्या शैलीत बदलून घ्यायची लाट आली होती. माझ्या रविवारच्या मुलांनीही केलं. मी त्यांना सरळ सांगितलं की हे फॅन आर्ट नाही. ज्यावर जीव आहे ते बघण्यात तुमचा एक मिनिटही गेला नाही, तर प्रेम कुठल्या जागी राहायचं?

आता मैत्रिणीच्या "चोरी"कडे येऊ. ती काळजीपोटी बोलतेय आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी वकील नाही, पण या धंद्यात राहायचं तर कायद्याच्या चार गोष्टी माहीत असाव्याच लागतात.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे चित्रकार किंवा लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क चालतो. हिशोब करून बघ. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं काम केव्हाच सगळ्यांसाठी मोकळं झालं. आर. के. लक्ष्मण २०१५ च्या जानेवारीत गेले, म्हणजे त्यांच्या कॉमन मॅनवरचा हक्क २०७५ संपेपर्यंत. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, तेव्हा आपल्या कायद्याने २०५६ पर्यंत. तुझ्या चौथ्या सीटवर बसलेला पाहुणा अजून दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, समीक्षेसाठी वाजवी उपयोग करता येतो. वहीत काढणं त्यात सहज बसतं. चार लोकांना दाखवलं की ते खासगी राहत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. मग जगभर लाखो लोक काढतात आणि दाखवतात ते कसं चालतं? हक्क असणारे बहुतेक वेळा काणाडोळा करतात, कारण असं चित्र काढणारा हा त्यांचाच सगळ्यांत मोठा चाहता असतो. टोकियोत १९७५ पासून कॉमिकेट नावाचा बाजार भरतो. तिथे चाहते स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या पुस्तिका विकतात, आणि त्यातल्या कितीतरी दुसऱ्याच्या पात्रांवरच्या असतात. त्या वातावरणातून पुढे व्यावसायिक चित्रकारही तयार झाले. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे, हे विसरू नकोस. समोरच्याने डोळा उघडला आणि काढून टाक म्हटलं, तर वाद न घालता काढून टाकायचं. काही कंपन्या फॅन आर्टचे नियम स्वतःच जाहीर करतात. ज्या पात्रावर काम करतेस त्याचे असे नियम आहेत का, ते एकदा शोधून वाच. अर्धा तास लागेल.

म्हणून काकांना नाही म्हण. डोरेमॉनच्या प्रिंट विकायच्या नाहीत. विकायला लागलं की चाहती आणि दुकानदार यांतली रेघ पुसली जाते, आणि नोटीस आली तर ती काकांच्या नावावर येणार नाही, तुझ्या नावावर येईल. फुकट वाटलं म्हणजे सगळं माफ, असंही कायदा म्हणत नाही. पण पैसे घेतले की तुझी बाजू एकदम लंगडी पडते. प्रिंट विकायचीच असेल तर कावळ्यांची विक. ते चित्र पूर्णपणे तुझं आहे, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

देवादिकांच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना पटकन कळत नाही. मारुती कोणाच्याच मालकीचा नाही. पण एखाद्या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या मारुतीचा ठरावीक चेहरा, ठरावीक मुकुट, ठरावीक बांधा हा त्या निर्मात्याचा असतो. तुला मारुती काढायचा असेल तर कोपिनेश्वराच्या देवळात जाऊन शेंदराचा मारुती बघ आणि तुझा तू काढ. तसंच शैलीचं. कोणाच्या शैलीवर कॉपीराइट नसतो, प्रत्यक्ष चित्रावर असतो.

शैलीचा विषय निघाला म्हणून वारलीबद्दल बोलते, कारण तुझ्या वहीच्या मागच्या पानावर वारली पद्धतीतला एक सुपरहिरो मला दिसला. हे हल्ली खूप जण करतात. वारली चित्रं ही आपल्याच बाजूची, जुन्या ठाणे जिल्ह्याची. डहाणू, तलासरी, जव्हार हा भाग २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि हा चौक काढायचा मान सवाष्ण बायकांचा. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. दोन त्रिकोण जोडले आणि वर टिकलीएवढं डोकं ठेवलं की वारली झाली, असं समजून जे काढलं जातं ते बघून मला वाईट वाटतं. त्या त्रिकोणांची वळणं बघ. तारप्याच्या नाचात प्रत्येक माणसाचा कललेला कोन वेगळा असतो, त्यामुळे ती रांग खरंच फिरताना दिसते. इथे श्रेय कोणा एका माणसाचं नाही, पूर्ण जमातीचं आहे. म्हणून "वारली" असं लिहून विकायचं नाही. "वारली चित्रांवरून शिकताना" असं लिहून दाखवायला काही हरकत नाही. आणि जमलं तर एकदा त्या भागात जाऊन काढणाऱ्या बाईशेजारी बस.

श्रेय कसं लिहायचं, तर अगदी साधं. "डोरेमॉन. मूळ पात्र: फुजिको एफ. फुजिओ. चित्र: तुझं नाव, ऐरोली," आणि वर्ष. एवढी ओळ पुरे. "श्रेय मूळ मालकाला" असलं मोघम लिहू नकोस, त्याने कोणालाच काही कळत नाही. नाव माहीत नसेल तर ते शोधेपर्यंत चित्र थांबव. आपल्या कायद्यातलं कलम ५७ हेच जपतं: हक्क विकून टाकले तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो, आणि आपल्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड कोणी केली तर तो हरकत घेऊ शकतो. त्यामुळे लहान मुलांच्या पात्रांना अश्लील किंवा किळसवाण्या जागी बसवू नकोस. तू तसं काही केलेलं नाहीस, पण तशी मागणी करणारे भेटतील.

आणि ही ओळ चित्राखाली लिहू नकोस, चित्राच्या आत लिही. हे मी अनुभवातून सांगतेय. मी एकदा पावसातलं चित्र केलं होतं, एका छत्रीत तीन बायका. सही उजव्या कोपऱ्यात. दीड वर्षाने तेच चित्र आमच्या नात्यातल्या ग्रुपवर "सुप्रभात" लिहून आलं, सही कापलेली. पुढे एका प्रदर्शनात ते चहाच्या मगवर दिसलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, नेटवरचं आहे. त्या मगपुढे मी उभी होते आणि माझंच चित्र माझं आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून मी सही छत्रीच्या काठावर, साडीच्या पदरावर, दुकानाच्या पाटीवर घालते. कापायची तर चित्रच कापावं लागतं. तुझ्या लोकलच्या डब्यात वर जाहिरातींची पट्टी आहे. तिच्यातली एक जाहिरात तुझ्या श्रेयाच्या ओळीची असू दे.

फाइलचंही याच कारणाने सांगते. ए-फोर कागद ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. ती फाइल स्वतःपाशी ठेव. लोकांना दाखवायला १२०० पिक्सेल रुंदीची भरपूर झाली. तेवढ्यावरून चांगली छपाई जेमतेम दहा सेंटीमीटर रुंद निघते. कोणी उचलून टी-शर्टवर छापली तर फाटलेली दिसेल. चोरी पूर्ण थांबत नाही, पण थोडी अडते.

दुसरं चित्र. सोसायटीची वार्षिक सभा. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या, जेमतेम पाच माणसं, आणि सेक्रेटरी खिडकीवरच्या कावळ्यांकडे बोट करून मोजतोय. खाली तू लिहिलंयस, "कोरम पूर्ण व्हावा म्हणून कावळेसुद्धा मोजणारे सेक्रेटरी."

ती ओळ खोड. आत्ताच्या आत्ता खोड. चित्राने जे सांगितलं तेच शब्दांनी सांगितलं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही, आणि हसू हे त्याच्या करण्यातून येतं. त्याने रिकाम्या खुर्च्या बघायच्या, मग बोट, मग बोटाच्या टोकाला कावळे, आणि मग आपल्या आपण "अरे, कोरम!" असं म्हणायचं. हा अर्ध्या सेकंदाचा प्रवास तू त्याच्याकडून काढून घेतलास. शि. द. फडणिसांची चित्रं बघ, शब्दाविना पूर्ण असतात. आपण शाळेत गणिताच्या पुस्तकावर ती पाहिलेली आहेत, आणि बेरीज-वजाबाकी विसरलो तरी ती आठवतात.

ओळीऐवजी मागच्या भिंतीवर एक कापडी फलक लाव: "वार्षिक सर्वसाधारण सभा." एवढेच शब्द. दुसरं म्हणजे तुझे कावळे बाहेर बघतायत. त्यांना आत बघायला लाव. एक जण सेक्रेटरीकडे मान वाकडी करून, जसा कावळा खरंच करतो तसा. आणि सेक्रेटरीच्या कपाळावरच्या आठ्या काढून टाक. तो गांभीर्याने मोजतोय, त्याला सभा खरोखर पार पाडायची आहे. त्याच्यावर चिडून काढलंस तर चित्र तक्रार होतं. त्याची कणव येऊन काढलंस तर लोक ते आपल्या सेक्रेटरीला पाठवतील, आणि तोही हसेल.

माणसांचे चेहरे काढायला लागलीस की अर्कचित्राकडे जाशील. हा शब्दच बघ किती नेमका आहे. ओव्याचा अर्क काढतात तसा चेहऱ्याचा अर्क. नाक मोठं केलं की अर्कचित्र झालं असं नाही. या माणसात इतरांहून वेगळं काय आहे तेवढंच वाढवायचं, बाकीचं आटवून टाकायचं. ज्याचं नाक चारचौघांसारखं आहे त्याचं नाक मोठं करून तो माणूस सापडत नाही. त्याचं वेगळेपण कदाचित चालण्यात असेल. सार्वजनिक जीवनातल्या माणसांवर असं काढता येतं. प्रसिद्ध व्यक्तीचं नाव आणि चेहरा व्यंग, विडंबन, कला यांसाठी वापरणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात नोंदवलं आहे. विडंबनाबद्दल त्याआधी केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, एका नाटकावर टीका करणारं प्रतिनाटक वाजवी उपयोगात बसू शकतं असं म्हटलं होतं. लोकलमध्ये झोपलेल्या बाईचा चेहरा हे मात्र सार्वजनिक जीवन नव्हे. तिची ओळख पटेल असं काढून दाखवायचं नाही. पोझ घे, चेहरा बदल.

विनोदाबद्दल मला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला जड जातं. आपल्या ठाण्यावर एक विनोद पिढ्यानपिढ्या चालत आलाय. कोणी वेड्यासारखं वागलं की "याला ठाण्याला पाठवा." इथलं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आहे, तेव्हापासून हे चिकटलंय. मीही पंधरा वर्षांपूर्वी त्यावर एक चित्र केलं. लोकलमध्ये इंडिकेटरवर ठाणे आलं, आणि सगळे प्रवासी एका माणसाकडे बघतायत. तांत्रिकदृष्ट्या ते चांगलं चित्र होतं. लोकांना फार आवडलं.

तलावपाळीवर आमच्यात एक बाई यायच्या, साठीच्या, पाण्यातली प्रतिबिंबं फार सुंदर काढायच्या. त्यांनी ते चित्र पाहिलं आणि थोड्या वेळाने पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "माझा भाऊ आठ महिने तिथे होता. मी रोज डबा घेऊन जायचे. बसमध्ये कंडक्टरला स्टॉप सांगताना आवाज बारीक करायचे." त्या रागावल्या नव्हत्या. एवढं बोलून त्या पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या.

ते चित्र मी त्याच दिवशी काढून टाकलं. पण जिथे जिथे गेलं होतं तिथून परत आणता आलं नाही. तेव्हापासून चित्र पूर्ण झालं की मी बघते, यातला धक्का कोणाच्या अंगावर जातोय. सेक्रेटरीच्या अंगावर गेला तर तो सावरतो, त्याच्या हातात सभा आहे. डबा घेऊन बसमध्ये उभ्या असलेल्या बाईने कशाला सोसायचा?

तिसरं चित्र माहितीचं. "१६ एप्रिल १८५३. भारतातली पहिली रेल्वे ठाण्याला आली!" खाली गाडी, मागे व्हीटीची इमारत, वर विजेच्या तारा, आणि खाडीचा पूल.

यात तुझं मन आहे हे दिसतं. ठाणेकराला या तारखेचा अभिमान असतोच. पण लोकांपुढे ठेवायची माहिती दागिन्यासारखी घासून बघावी लागते. आधी शब्द. "पहिली रेल्वे" नाही, "पहिली प्रवासी रेल्वे". मद्रासकडे रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी रूळ टाकले होते, आणि रुरकीजवळ कालव्याच्या बांधकामावर १८५१ मध्ये इंजिन चालवलं होतं. एका शब्दाने खरं-खोटं होतं.

मग चित्र. गाडी सुटली बोरीबंदरहून, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, २१ तोफांच्या सलामीत. चौदा डबे, सुमारे ४०० माणसं, ३४ किलोमीटर. ओढायला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. तू एकच काढलंयस. मागे दिसणाऱ्या व्हीटीच्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्या दिवशी तिथे ती नव्हतीच. आपल्याकडे विजेची गाडी पहिल्यांदा धावली १९२५ च्या फेब्रुवारीत, व्हीटी ते कुर्ला. म्हणून तारा पुसून टाक. आणि गाडी खाडी ओलांडून पुढे कल्याणला गेली ती १८५४ मध्ये. त्या दिवशी ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं, तेव्हा पूलही पुसून टाक. या चुका काढल्या की चित्र ओकंबोकं होईल असं वाटेल. नाही होणार. रूळ संपतात, पुढे खाडी, आणि तीन इंजिनं धापा टाकत उभी. हे आधीच्यापेक्षा कितीतरी चांगलं चित्र आहे.

माहिती तपासायची माझी पद्धत अशी. फोटो असेल तर उलटा शोध घेऊन तो सगळ्यांत जुना कुठे सापडतो ते बघते. मजकूर असेल तर एकमेकांवरून न उतरवलेली दोन ठिकाणं मिळेपर्यंत थांबते. आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन बघते. हे शेवटचं मला सगळ्यांत प्रिय आहे, आणि तू तर ऐरोलीत राहतेस. तुझ्या घराजवळच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला बोट जाते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. नवी मुंबईत चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. (पुतळा सार्वजनिक जागी कायमचा असेल तर त्याचं स्केच करायला कलम ५२ मुभा देतं. भिंतीवरचं चित्र त्या सवलतीत येत नाही, म्हणून ते उतरवलंस तर काढणाऱ्याचं नाव शोध.)

पण पुतळ्यावरून काढू नकोस. खरा पक्षी बघ. सगळे गुलाबी नसतात. पिल्लं करडी असतात, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. खाताना डोकं उलटं धरतात, वरची चोच खाली येते. आणि पायाच्या मधोमध जो सांधा मागच्या बाजूला वळतो, ज्याला सगळे गुडघा समजून काढतात, तो गुडघा नाही. तो घोटा आहे. गुडघा वर, पिसांच्या आत, पोटाला लागून असतो. हे कळलं की पक्षी चालताना काढता येतो. त्याआधी तो खांबावर ठेवलेल्या कापसासारखा दिसतो.

थंडीपासून मेपर्यंत केव्हाही जा, भरती-ओहोटीची वेळ विचारून घे. बोट हलते, म्हणून रंग नेऊ नकोस. चार-बी पेन्सिल आणि तळहाताएवढी वही पुरे. एका पक्ष्यावर पाच मिनिटं, आधी फक्त पाय. घोटा आणि गुडघा बरोबर आले की चौथ्या सीटच्या चित्रासोबत तेही पान पाठव.